समसमान मोदकांचे परराष्ट्रधोरण

राज्ये शौर्याने स्थापन होत असतील. टिकतात मात्र ती अर्थहीन वाक्यांच्या आधारावर. अशी वाक्ये घडवणारे सत्पुरुष प्रत्येक पिढीत थोडेच जन्मतात. चेक प्रजासत्ताकाच्या भाग्यात ओल्द्रिख वावरुश्का होते.

आठ वर्षे खासदार, अकरा वर्षे परराष्ट्र खाते आणि चार वर्षे लंडनचा दूतावास, एवढ्या तपश्चर्येत त्यांनी २,३१६ निवेदने प्रसृत केली. १,९०४ निवेदनांत 'चिंता' होती, ४११ मध्ये 'गंभीर चिंता'. 'अतीव चिंता' एकदाच (व्हिएन्नाच्या विमानतळावर त्यांची बॅग हरवली होती).

प्रागमध्ये पाच पक्षांचे सरकार घडत होते. ज्याने उभ्या आयुष्यात कोणाचीही बाजू घेतलेली नाही, असा परराष्ट्रमंत्री त्यांना हवा होता. सोमवारी फोन यायचा होता. शनिवारी वावरुश्का लंडनजवळच्या रीडिंग शहरातील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवास प्रमुख पाहुणे म्हणून गेले. मोदकस्पर्धेचा निकाल प्रमुख पाहुण्यानेच द्यावयाचा असतो, हे त्यांना हॉलमध्ये शिरल्यावर समजले. (गतवर्षी हे कार्य एका दंतवैद्यांनी केले. तेव्हापासून मंडळातील सतरा कुटुंबे दात दाखवायला दुसऱ्या गावी, स्लाऊला जातात.)

अंतिम फेरीत दोघीच उरल्या होत्या: विद्यमान अध्यक्षांच्या पत्नी सुप्रभाताई आणि माजी अध्यक्षांच्या पत्नी नीनाताई.

वावरुश्कांनी दोन्हीकडचा एकेक मोदक खाल्ला आणि ते दचकले. नीनाताईंचा मोदक निःसंशय श्रेष्ठ होता. तेवीस वर्षांत प्रथमच त्यांना एक मत झाले होते, आणि ते ओठांपर्यंत आले होते.

"मला विचारविनिमयास अवधी हवा," ते म्हणाले.

मराठी माणसासमोर रिकामी ताटली घेऊन अवधी मागू नये, हे दूतावासाच्या माहितीपुस्तिकेत नव्हते.

"अहो, घ्या ना अजून एक! तूप घालते वरून," सुप्रभाताईंनी वाढलेसुद्धा.

"तिकडे दोन झाले हं साहेब, मी बघितलंय!" नीनाताई म्हणाल्या. "आमच्याकडे एकच? नॉट फेअर!"

समतोल हा मुत्सद्देगिरीचा प्राण होय. वावरुश्कांनी इकडे दुसरा खाल्ला. तिकडून तिसरा आला.

"साहेब, फक्त नाव सांगा," सेक्रेटरी श्रीनिवास काकुळतीला आले. "हॉल सहापर्यंतच बुक आहे."

नाव प्रत्येक घासाबरोबर वर येत होते. वावरुश्का ते मोदकासह गिळत होते. अकरा-अकरा झाल्यावर त्यांनी माईक हाती घेतला, "दोन्ही पक्षांच्या रचनात्मक योगदानाची नोंद घेण्यात येत आहे," एवढे उच्चारले आणि ते आडवे झाले.

या प्रसंगाची चित्रफीत प्रागला पोहोचली. बावीस मोदकांत चेहऱ्यावरची एक रेषाही कोणाच्या बाजूने झुकलेली नव्हती. पाचही पक्षांचे एकमत झाले. सोमवारचा फोन वावरुश्कांनी रुग्णालयात घेतला. रीडिंगमध्ये आता दोन मंडळे आहेत. दोन्ही विजयी आहेत. नीनाताईंनी मात्र त्यानंतर मोदक केलेले नाहीत.

वावरुश्कांना भित्रा म्हणणाऱ्या वाचकांनी खुशाल म्हणावे. आमटी आईच्या हातची चांगली की बायकोच्या, या प्रश्नावर आपण दोघींच्या देखत जे निवेदन दिलेत, ते अर्थातच प्रेमापोटी होते.