पिल्लांसाठी मान्यताप्राप्त ढोली

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा ढोल्या जास्त झाल्या होत्या. नीट बसा. हातातलं खाली ठेवा. नाही ठेवत? बरं, अर्ध्या कानाने ऐका. हल्ली मोठ्यांकडूनही तेवढंच मिळतं.

या ढोल्या साध्या नव्हत्या. आत डोकं घातलं की काहीतरी दिसायचं. एकीत मैना गाणी म्हणायची. एकीत अस्वल मध काढायला शिकवायचं. एकीत दोन कोल्हे दिवसभर भांडायचे, आणि तिथेच सगळ्यात जास्त गर्दी असायची. आत कोण राहतं, हे कुणी विचारत नसे.

पिल्लांच्या आयांना ढोल्या फार आवडल्या. पिल्लू रडलं, घाला डोकं ढोलीत. जेवत नाही, घाला. पाहुणे आले, घाला. डोकं आत गेलं की पिल्लू गप्प, शेपटी तेवढी बाहेर. वर कौतुक असं, "आमचं बाळ भारी हुशार हो, आपलं आपण ढोली शोधतं." ज्यांचे डोळे अजून उघडले नव्हते, त्या बाळांचंही हेच कौतुक चालायचं.

त्या जंगलात झुबकी नावाची शेकरीण होती. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस खार. ती जमिनीवर फारशी उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उडी मारते आणि तशीच जगते. झुबकीला एक मुलगी होती, टिंबी. झुबकीसुद्धा टिंबीला मैनेच्या ढोलीपाशी बसवून फळं गोळा करायला जायची. मी खोटं का सांगू? तीही चार आयांसारखीच आई होती.

एके दिवशी टिंबीने उडी मारायचं बंद केलं.

जांभळावरून आंब्यावर जायचं होतं. दोन हातांचं अंतर. टिंबी फांदी घट्ट धरून बसली.

"मार की गं उडी," झुबकी म्हणाली.

"नको. पडलं की सगळे हसतात."

"कोण हसतं?"

"ढोलीतले."

झुबकीने जाऊन पाहिलं. मैनेच्या ढोलीचा तळ उतरता होता. गाणं संपलं की डोकं आपोआप थोडं खाली घसरायचं. खाली माकडांच्या गमती. त्याखाली माकडांची आपटाआपटी. आणखी खाली उडी चुकलेली शेकरं, एकामागून एक, आणि खिदळण्याचे आवाज. टिंबी रोज तिथवर पोहोचत होती. झुबकीला रडू आलं. स्वतःचा रागही आला. उडी न मारणारं शेकरू मोरघारीला, म्हणजे तुरेवाल्या शिकारी गरुडाला, लांबून दिसतं, आणि मोरघार हसत बसत नाही.

झुबकी सभेत गेली. राजा वाघ होता. तो हल्ली ढोलीतलं डोकं बाहेर न काढताच सभा चालवायचा.

"महाराज, पिल्लांसाठी कुठली ढोली चांगली, ते कुणीतरी पाहून सांगा," झुबकी म्हणाली.

"समिती नेमा," आतून आवाज आला.

समितीचं अध्यक्षपद तरसाला मिळालं. "लहान पिल्लांचा मला दांडगा अनुभव आहे," तो म्हणाला. अनुभव कसला, हे विचारणं सभेच्या रीतीत बसत नव्हतं.

समितीने अभ्यासदौरा काढला. फिरत फिरत ती बेहड्याच्या एका जुन्या झाडापाशी आली. तिथे धनेशाचं बिऱ्हाड होतं. धनेश म्हणजे थोरल्या चोचीचा पक्षी. त्याच्या घरची रीत न्यारी. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड मातीने लिंपून टाकते. एक फट तेवढी ठेवते. नर बाहेरून उंबरं आणतो आणि त्या फटीतून भरवतो. मग आत साप शिरत नाही, माकड हात घालत नाही.

"या ढोलीत आजवर एकही पिल्लू दगावलेलं नाही," तरसाने नोंद घेतली. आवाजात थोडी हळहळ होती. "याचं कारण काय? तर ही माती."

महिन्याभरात शंभर ढोल्यांची तोंडं लिंपून झाली. प्रत्येकीला एक फट, लहानसं डोकं मावेल एवढी. वर पाटी: 'पिल्लांसाठी मान्यताप्राप्त. मोठ्यांना प्रवेश नाही.' आतलं कुणी काही बदललं नाही. आत कोण राहतं, तेही पाहिलं नाही. अहवालात मातीवर अकरा पानं होती.

फटीपाशी पोपट बसवले. पोपट विचारायचा, "तू लहान आहेस का?" मोठ्यांच्या ढोल्यांवरही पोपट बसवले. ते विचारायचे, "तू मोठा आहेस का?" दोन्हीकडे 'हो' म्हटलं की काम झालं. कोल्हिणीचं पिल्लू सकाळी इकडे लहान असायचं आणि दुपारी तिकडे मोठं व्हायचं. पोपटाला त्यात काही वावगं वाटत नसे.

झुबकी टिंबीला घेऊन मान्यताप्राप्त ढोलीपाशी आली. टिंबीने फटीत डोकं घातलं.

"काय दिसतंय गं?"

"शेकरं पडतायत," टिंबी आतून म्हणाली.

झुबकी पुढे झाली. पोपटाने पंख आडवा धरला. "तू लहान आहेस का?"

"नाही बाबा. मी हिची आई."

"मग प्रवेश नाही. पिल्लांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

झुबकी तरसाकडे गेली. म्हणाली, "अहो, आत सगळं तेच आहे."

"बाई, तुम्ही माती पाहिलीत का?" तरस म्हणाला. "अस्सल धनेशाच्या प्रतीची आहे."

तेव्हा झुबकीने बेहडा गाठला. तिला वाटलं, मातीतच खोट असेल. तिने फटीपाशी हाक मारली, "धनेशवहिनी, तुम्ही माती कुठली वापरता?"

फटीतून चोच बाहेर आली. "माती कुठलीही चालते गं. लिंपायच्या आधी मी आत शिरले, एवढंच."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आत आहे. पिल्लाला कूस मिळते, सापाला चोच मिळते. तीन महिने झाले. पंखांची पिसं झडली माझी. बाहेर काय चाललंय, ठाऊक नाही. जीव कंटाळतो, खोटं कशाला बोलू? तुमची समिती आली होती. मातीला हात लावून गेली. मला कुणी हाक नाही मारली."

झुबकी घरी आली. दुसऱ्या दिवसापासून तिने टिंबीला ढोली दिली नाही. टिंबीने आकांत मांडला. जंगलभर ऐकू गेलं. "पोरीला एवढीशी ढोली देत नाही, कसली आई ही," शेजारची वानरीण बोलली. झुबकी टिंबीच्या शेजारी बसून राहिली. फळं कमी जमली. दोघी अर्धपोटी राहिल्या.

चौथ्या दिवशी झुबकीने टिंबीच्या डोळ्यांदेखत उडी मारली आणि मुद्दाम चुकवली. करवंदीच्या जाळीत पडली. अंगभर ओरखडे घेऊन वर आली.

"पडले मी. हसलीस का?"

"नाही," टिंबी म्हणाली. मग म्हणाली, "थोडीशी."

"हस की. आणि आता तू ये."

टिंबी आली नाही. पाचव्या दिवशी नाही, सहाव्या दिवशीही नाही.

आठव्या दिवशी मोरघारीची सावली पानांवरून सरकली. झुबकीने हाक दिली आणि उडी घेतली. क्षणभर मागे काहीच हललं नाही. मग फांदी वाजली आणि टिंबी तिच्या पाठीवर येऊन आदळली. दोघी दाट पानांत शिरल्या.

मोरघार रिकाम्या पंजांनी पुढे गेली. पुढे मान्यताप्राप्त ढोल्या होत्या. शंभर फटींत शंभर डोकी होती, आणि बाहेर शंभर शेपट्या लोंबत होत्या. एकही हलत नव्हती. आया आपापल्या ढोलीत निर्धास्त डोकं घालून बसल्या होत्या. मोरघारीला घाई करावी लागली नाही.

महिन्याच्या सभेत तरसाने अहवाल वाचला. ढोल्यांपाशी पूर्वीसारखी गर्दी नाही. पिल्लांची एकही तक्रार आलेली नाही. "छान," आतून वाघ म्हणाला. तरसाला हार घालण्यात आला. झुबकीला नोटीस देण्यात आली, पिल्लाला मान्यताप्राप्त सोयीपासून वंचित ठेवल्याबद्दल. ती पोहोचवायला गेलेला पोपट परत येऊन म्हणाला, की मायलेकी घरी सापडत नाहीत, सारख्या उड्या मारत असतात.

तात्पर्य: लहान मुलांसाठी सुरक्षित ढोली ओळखणं अगदी सोपं आहे. जिच्यावर सगळ्यात मोठी पाटी, ती घ्यावी. आत डोकावून पाहू नये, पिसं झडतात. मूल गप्प बसलं, की ढोली चांगली आहे असं समजावं. मूल फारच गप्प बसलं, तर समिती नेमावी.