बोर्गहिल्डबाईंची भट्टी थंडावली ती हकीकत

श्रीहिमदेवता समर्थ. शके १९३५, विजयनाम संवत्सर, ज्येष्ठ मास. उत्तरेस समुद्रकाठी एक राज्य होते. राज्य श्रीमंत, प्रजा करारी आणि मानास फार जपणारी. दक्षिणेस अनेक राजांनी मिळोन महामंडळ स्थापिले आणि या राज्यास दोनदा आवतण धाडिले, आणि प्रजेने दोन्ही वेळां कौल देऊन सांगितले की, आम्हांस परक्याचा हुकूम नको, आणि नगारे वाजविले. मग नगारे थांबल्यावर दरबाराने महामंडळाशी करार केला की, तुमचे हुकूम आम्ही पाळू, फक्त मसलतीस बसणार नाही. त्याबदली आमची मासळी तुमच्या बाजारी विकू द्यावी. या बंदोबस्तास त्या देशी स्वातंत्र्य म्हणतात.

या कामी वकील म्हणोन हाल्वोरराव नेमिले. मोठे मुत्सद्दी. आत मसलत चाले आणि राव बाहेर बाकावर कॉफी पीत बसत, आणि हुकूम निघताच सर्वांआधी मान्य करीत. मंडळातले राजे एकेक हुकूम वर्षानुवर्षे तुंबवीत. रावांचे राज्य आठवड्याभरात अंमल करी, आणि याचा रावांस अभिमान वाटे. करारात नकाराचा एक हक्कही होता. तो रावांनी असा जपला की, कधी वापरिलाच नाही.

मग हुकूम आला की, लाकडी भिंतींच्या भट्टीत मासळीस धुरी देऊ नये. रावांची धाकटी बहीण बोर्गहिल्डबाई, हिची आजोबांपासूनची भट्टी लाकडाचीच, आणि निम्म्या गावाचे पोट तीवर चाले. पूर्वेच्या शेजारी राज्यातही तशाच भट्ट्या. परंतु ते राज्य मंडळात, त्यांचा वकील आत बसोन दिवसभर भांडला आणि सवलत घेऊनच उठला. मग बाई तडक भावाकडे आल्या आणि बोलिल्या, "दादा, तुझ्याकडे नकार आहे ना? एकदाच वापर."

राव म्हणाले, "अगं, नकार दिला तर ते आपल्या सगळ्याच मासळीला बाजार बंद करतील."

"मग तो हक्क ठेवलाय कशाला?"

"आहे म्हणून सांगायला."

रावांस वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले, दोन घास गेले नाहीत. आणि सकाळी त्यांनी शिक्का उमटविला. मग बाईंनी भट्टीच्या फळ्या उतरविल्या, गाडीवर घातल्या आणि पूर्वेची वाट धरिली, आणि राव सरहद्दीपर्यंत पोचवावयास गेले.

"जाऊ नकोस," राव म्हणाले. "तिकडे त्यांच्या हुकमात राहावं लागेल."

"हुकूम इथेही तेच आहेत, दादा. तिथे निदान माझ्यासाठी भांडायला कुणी बसतं."

आणि गाडी पुढे गेली.

येणेप्रमाणे राज्याचा बाणा शाबूत राहिला. बाणा राखिल्याबद्दल रावांस पदक मिळाले, आणि त्या मेजवानीस पानात बोर्गहिल्डबाईंची मासळी वाढिली. परमुलखातला माल म्हणोन, जकात भरोन. हकीकत इतकीच.