नोमुरा-सानच्या घरी पाणी सोडलं तेव्हा

मला जपानी येतं! म्हणजे 'कोन्निचिवा' आणि 'अरिगातो'वर भागवणाऱ्यांपैकी मी नव्हे. मी एन-टूची, म्हणजे वरून दुसऱ्या पातळीची परीक्षा पास झालेली बाई आहे. ऑफिसात क्लायंट भडकला की माणसं मला शोधत येतात. त्यामुळे आमच्या घरमालकीण नोमुरा-साननी, "डोंगरातल्या घराचं पाणी सुरू करायचंय, नाना-सान येतील का?" असं विचारल्यावर मी छातीठोकपणे म्हणाले, "येतील की! आणि भाषेची काळजी नको, मी आहे!"

नाना म्हणजे माझे सासरे. सांगलीला पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढलेली. अर्ध्या गावाचं पाणी त्यांच्या मनगटावर चालायचं. तीन आठवड्यांपूर्वी ते आमच्याकडे जपानात, ग्योतोकुला आले आणि दुसऱ्याच दिवशी उदास झाले. कारण? घरातला एकही नळ गळत नव्हता! सामानातून मुद्दाम आणलेला पान्हा नुसता उशाशी पडून. वर माझा नवरा जयेश बजावायचा, "नाना, इथे कशाला हात लावू नका हं. मालकिणीला विचारावं लागतं." मग नाना बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीच्या पाइपांकडे बघत राहायचे. आणि आता खुद्द मालकीणच बोलावत होती!

नोमुरा-सानचं ते घर नागानोच्या बाजूला. तिथे हिवाळ्यात पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून थंडीआधी पाणी बंद करून पाइप रिकामे करतात आणि वसंतात पुन्हा सोडतात. हे करणारा तिथला नळवाला वय झालं म्हणून मुलीकडे राहायला गेलेला. इकडे नोमुरा-सानचं वय शहात्तर, गुडघे दुखरे आणि व्हॉल्व्ह खड्ड्यात! जयेशला शनिवारीही काम होतं. निघालो आम्ही तिघंच.

घरामागे अजून बर्फाचा ढीग होता. नानांनी फावड्याने तो बाजूला केला, लोखंडी झाकण उचललं आणि पाळण्यात डोकावावं तसे आत डोकावून हसले.

"वैभवी, आतले सगळे नळ बंद आहेत का विचार. पाइप रिकामे करताना ते उघडे ठेवतात."

नोमुरा-सान आत हळूहळू जिना चढत होत्या. मी खिडकीतून ओरडले, "दाइजोबु देस का?" म्हणजे, 'ठीक आहे ना?' थोडक्यात काम!

"दाइजोबु!"

"बंद आहेत, नाना!"

(नोमुरा-सानना वाटलं, मी गुडघ्यांची चौकशी करतेय. हे मला संध्याकाळी कळलं.)

मी घराच्या कोपऱ्यावर उभी राहिले. तिथून नाना दिसत होते आणि आतलं नुसतं ऐकू येत होतं. नानांनी व्हॉल्व्ह अर्धा आटा फिरवला. आतून आवाज आला, "मोऽ तो...!"

'मोत्तो' म्हणजे 'आणखी'. हा शब्द मी मराठी 'मोठं'वरून पाठ केलेला. विसरणं शक्यच नाही!

"आणखी, नाना!"

नाना थबकले. पाइपाकडे कान नेला. "आणखी?"

"हो, आणखीच म्हणतायत!"

त्यांनी पूर्ण एक आटा दिला.

"मोऽऽ तो...!" आता आवाज चांगलाच चढला.

"भरपूर सोडा, नाना! घाई झालीये त्यांना!"

नानांनी व्हॉल्व्ह पुरता उघडला. अर्ध्या मिनिटात मागच्या दाराखालून पाणी आलं. पाण्यावर एक सपात होती.

मी आत धावले. स्वयंपाकघरातला नळ धो धो! न्हाणीत शॉवरची नळी शेपटीवर पाय पडलेल्या धामणीसारखी उसळतेय! वरच्या बेसिनला बूच लावलेलं, त्यामुळे तिथलं पाणी पायरी पायरीने, अगदी शिस्तीत खाली येत होतं. आणि वर नोमुरा-सान, जाम झालेल्या नळाच्या तोंडावर दोन्ही तळवे दाबून, नखशिखांत भिजलेल्या, ओरडत होत्या, "मोऽ तोमेते!"

म्हणजे, 'आता बंद करा!' एन-टू पास बाईने ते वाक्य पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं.

"नानाऽ, बंद!"

त्यांनी केलाच होता. सपात बघूनच.

पण तोवर पाणी बैठकीच्या खोलीतल्या तातामीखाली शिरलं होतं. त्या जाड गवती चटयांच्या खोलीतच नोमुरा-सान नवी नवरी म्हणून आल्या होत्या, हे त्यांनीच गाडीत सांगितलेलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. माफीची सगळी अदबशीर वाक्यं डोक्यातून धुऊन गेली होती! तेवढ्यात नाना अनवाणी आत आले, कंबरेत वाकले आणि त्यांना येणारं एकुलतं एक जपानी वाक्य बोलले, "गोमेन नासाई." मग स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं.

"नाना, चूक माझी—"

"तू चटई धर."

पण चटई धरायला नोमुरा-सान आधीच पुढे झाल्या होत्या.

"ताई, तुमच्या बाजूनं जरा उचला," नाना चक्क मराठीत म्हणाले.

"हाय, हाय. सेए नो!" म्हणजे, 'हो, हो. एक, दोन, तीन, उचला!'

एकेक करून सहाच्या सहा चटया उन्हात गेल्या. कोणाला काहीही भाषांतर करून लागलं नाही. मी फरशी पुसत राहिले.

मग नानांनी वरचा जाम नळ खोलला. आतला वायसर वाळून बिस्किट झाला होता. नानांनी आपल्या चपलेच्या टाचेतून रबर कापून नवा केला. नोमुरा-सान शेजारी स्टुलावर बॅटरी धरून बसल्या. पुन्हा पाणी सोडलं, तेव्हा तो नळ एका बोटाने फिरला! त्यांनी तो सुरू केला, बंद केला, परत सुरू केला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मग नानांना खूप काही सांगू लागल्या. मी भाषांतराला सरसावले, पण नाना आधीच मान डोलवत होते. "खरंय. जुना आहे, पण पितळ चांगलं आहे."

त्या खरंच पितळेबद्दलच बोलत होत्या.

परतीच्या गाडीत नोमुरा-सान झोपल्यावर मी विचारलं, "नाना, तुम्ही मधेच थबकलात का?"

"उघड्या नळांचा पाइप वेगळा वाजतो."

"मग बंद करायचं ना!"

"अगं, चौतीस वर्षांत एकाही साहेबानं इतक्या खात्रीनं हुकूम दिला नव्हता." त्यांनी मांडीवरचा पान्हा फडक्याने पुसला. "आणि तू पहाटे उठून अभ्यास करायचीस, जयेश फोनवर सांगायचा. म्हटलं, पोर एवढी शिकलीय, माझाच कान म्हातारा झाला असेल."

मी त्यांची माफी मागितली. साध्या मराठीत.

घरी जयेशने दार उघडलं आणि त्याची नजर माझ्या पायांवर खिळली. नोमुरा-साननी दिलेली फुलाफुलांची तुमान माझ्या पोटरीवरच संपत होती.

"हे काय?"

"डोंगरात तसंच घालतात," नाना शांतपणे म्हणाले. "पाणी झकास सुरू झालं. बोलणं सगळं वैभवीनं सांभाळलं."

जयेशने माझ्याकडे असं कौतुकाने पाहिलं, की मी गुपचूप हसले आणि हातातली प्लास्टिकची पिशवी पाठीमागे नेली. तिच्यातून माझी पँट टपटप गळत होती!