अस्तरातली अंजिरं

गेतानोने लोकरीचा कोट चढवून गळ्यापर्यंत बटणं लावली, तेव्हा ब्रुकलिनमध्ये जुलैचं ऊन असं तापलं होतं की शेजारचा कुत्राही पायरीखाली जाऊन पडला होता.

"अरे, डोकं ठिकाणावर आहे ना?" फिलोमेना म्हणाली. "बेटावर चाललोय, उत्तर ध्रुवावर नाही."

"पाण्यावर वारा असतो. तू चल गं, बोट चुकेल."

बायकोला काय सांगणार, कपाळ? पहाटे उठून त्याने कोटाच्या अस्तरात परसातली अंजिरं शिवली होती. त्याचे वडील इटलीतल्या कालाब्रियाहून, अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी होई त्या एलिस बेटावर उतरले, तेव्हा अंजिराची काडी याच कोटाच्या अस्तरात लपवून अधिकाऱ्यांच्या नाकासमोरून घेऊन आले होते. त्या काडीचं झाड झालं. दर हिवाळ्यात त्याला गोधड्या गुंडाळून, डोक्यावर बादली पालथी घालून बापलेकांनी जगवलं. जग सोडून जाताना पापा म्हणाले होते, "बेटावर मी उभा होतो तिथे आपलं एक अंजीर नेऊन खा." आज गर्दी, उद्या गुडघा, असं करत गेतानोने तीस वर्षं काढली. आता घर विकलं गेलं होतं. ऑगस्टमध्ये दोघं मुलीकडे न्यू जर्सीला जाणार होते. आता नाही तर कधीच नाही.

आणि उघड्यावर न्यायची तर सोयच नव्हती. सरकारी माणसाला फळ दिसलं की गेलंच, हे पापांनी त्याला चालायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

बोटीच्या तपासणीला ही लांबलचक रांग. फिलोमेना पिशवी घेऊन पटकन पुढे निघून गेली. गेतानो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपटपत होता, पाठीवर काहीतरी चिकट ओघळत होतं, आणि एक गांधीलमाशी मानेभोवती घिरट्या घालत होती.

तपासणीवाल्या बाईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "काका, कोट काढा."

"नको. थंडी वाजते."

"थंडी? या उन्हात?" बाई घाबरलीच. "अगं बाई, ताप भरलाय यांना! डेव्हन, धाव रे!"

डेव्हन हा प्रथमोपचाराचा दांडगा गडी. गेतानो "मी ठणठणीत आहे" म्हणेपर्यंत त्याने कोट सोलून काढला, म्हाताऱ्याला बाकावर आडवं केलं, कोटाची घडी करून मानेखाली सरकवली आणि वरून डोकं दाबलं.

पच्चकन आवाज आला.

"हलू नका काका! बापरे, मानेतून रक्त येतंय!"

"रक्त नाही रे ते!"

"मग काय आहे?"

गेतानोने मानेवरून बोट फिरवलं आणि चाटलं. "बघ, गोड आहे."

डेव्हन दोन पावलं मागे सरकला. रांगेतली एक बाई किंचाळली, कोणी मोबाइल काढला, आणि तेवढ्यात गर्दी फोडत फिलोमेना परत आली. तिने कोट उचलला, हुंगला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अंजिरं आहेत हो ती! माझ्या नवऱ्याची अक्कल आहे ती, दुसरं काही नाही!"

"अंजिरं?" तपासणीवाली म्हणाली. "मग लपवली कशाला? तुम्ही आत्ता डबाभर नेलीत की उघड्यावर. मला दोन दिलीत. काय गोड होती!"

गेतानोने बायकोकडे पाहिलं. तिने पिशवीतून डबा काढून दाखवला. "तू आयत्या वेळी काहीतरी घोळ घालणार, हे मला लग्नापासून माहीत आहे."

बेटावरच्या त्या उंच कमानींच्या दालनात गेतानो मधोमध उभा राहिला आणि त्याने अंजीर तोंडात घातलं. मग घळाघळा रडला. फिलोमेनाने त्याचं नाक पुसलं, मग आपलंही पुसलं.

"फिलो," तो हुंदका आवरत म्हणाला, "तू हातात डबा घेऊन आलीस आणि कोणी अडवलं नाही. मग पापांना तरी कोणी विचारलं असेल का गं?"

"अजिबात नसेल," फिलोमेना म्हणाली. "तेही तुझ्यासारखेच. उगाच जहाजभर घाम गाळत बसले असतील."

परतीच्या बोटीत गेतानोने तो चिकट कोट मांडीवर घेतला आणि उसवलेलं अस्तर चाचपत बसला.

"जर्सीला जाताना झाडाची एक काडी न्यायची म्हणतो."

"ने की. कुंडीत लाव, गाडीत ठेव. नदीपलीकडे तर जायचंय."

"तसं नव्हे." त्याने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "हे अस्तर तेवढं नीट शिवून देशील? माझा टाका टिकत नाही."

फिलोमेनाने त्याच्या मांडीवरच्या कोटाकडे पाहिलं.

"देते," ती म्हणाली. "पण आधी धुऊ दे मेल्या. गांधीलमाशी बसलीय त्यावर."