शून्य मृत्यूंचा तक्ता

१९७८च्या हिवाळ्यात नाशकात एक नवा ताप आला. तो नेहमीच्या फ्लूपेक्षा घातक आहे किंवा कसे, याचा तुलनात्मक तक्ता तीन महिन्यांत सादर करावा, असे वरून पत्र आले. काम पडले आरोग्य कचेरीतल्या दिवाकर गर्गे यांच्या टेबलावर. दिवाकरराव नियमाला देवापेक्षा एक पायरी वर मानत.

नियम असा, की रक्ततपासणीचा अहवाल रुग्णाने स्वतः येऊन, पोचवहीत सही करून न्यावा. सही झाली की नवा ताप पक्का. अहवाल यायला दीड महिना लागे.

दिंडोरीहून सहादू बायकोचा अहवाल न्यायला आला.

"रुग्णाला पाठवा," दिवाकरराव म्हणाले.

"ती गेली ना, साहेब. तेरावं बी झालं."

"मग सही कोण करणार? फ्लूच्या रकान्यात घेतो."

"पर कागदावर तर नवा ताप लिवलाय."

"लिहिलाय, पण पोच नाही," दिवाकररावांनी समजूत घातली.

तक्ता तयार झाला. नवा ताप : रुग्ण एकेचाळीस, मृत्यू शून्य. फ्लू : मृत्यू त्रेसष्ट. कचेरीचे मोठे साहेब खूश झाले. इतक्या निरुपद्रवी तापासाठी गंगापूर रोडला उघडलेला खास वॉर्ड बंद करून खाटा गोदामात गेल्या. फ्लू पडला जुना; त्याच्यासाठी वॉर्डाची तरतूदच नव्हती.

त्याच आठवड्यात दिवाकररावांच्या पत्नी सुधाबाई तापाने फणफणल्या. रक्त तपासणीला गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. दिवाकरराव साहेबांकडे धावले.

"साहेब, वॉर्ड उघडा. हा नवाच ताप आहे."

"मग घाबरता कशाला? तुमच्याच तक्त्यात एकही माणूस मेलेलं नाही."

"आणि फ्लू असला तर?"

"फ्लूला वॉर्ड नाही, गर्गे. हे मी तुम्हाला सांगायचं?"

जन्मात पहिल्यांदा दिवाकररावांना नियमाची चीड आली. पण चिडून वॉर्डाचे कुलूप निघत नाही. अकरा दिवस ते बायकोच्या उशाशी बसून राहिले. सुधाबाई वाचल्या त्या निव्वळ नशिबाने. अहवाल आल्यावर दिवाकररावांनीच त्यांना धरधरून कचेरीत नेले आणि पोचवहीत सही घेतली. रुग्ण बेचाळीस, मृत्यू शून्य.

संध्याकाळी शेजारचे शामसुंदर चौकशीला आले. "वहिनी उठल्या ना? उगाच बाऊ केलात. मी पाच-सहा जणांना विचारलं. ज्यांना ज्यांना झाला होता ते सगळे म्हणाले, काही होत नाही."

तुम्हीही चार जणांना विचारून बघा. तेही हेच सांगतील. ज्यांचे म्हणणे वेगळे आहे, ते तुम्हाला भेटायचे नाहीत.