विटकरी कड

हैबतराव बाटली पिशवीत घालून रोह्याहून निघाले, तेव्हा विमलबाई दारातून म्हणाल्या, "बाटलीला बारावं वरीस चाललंय. पोर असतं तर सातवीत गेलं असतं. यंदा तरी उघडून या."

"तयार झाली असंल तर," हैबतराव म्हणाले.

ती रेड वाइनची बाटली त्यांना १९९६ साली एका इटालियन इंजिनियरने दिली होती. हैबतरावांच्या कंपनीत नवा बॉयलर बसवायला आलेला हा माणूस टायफॉइडने पडला आणि आठ दिवस विमलबाईंच्या हातची पेज पिऊन उठला. जाताना त्याने बाटली दिली आणि बजावले, की आडवी ठेवा, गारव्याला ठेवा, दहा-बारा वर्षे वाट बघा. जांभळट लाल रंग जाऊन कडेला विटकरी छटा आली की समजा पिण्याजोगी झाली.

बाटली गडद हिरव्या काचेची होती. रंग पाहायचा तर ती उघडावी लागणार, आणि उघडल्यावर रंग पाहून उपयोग नाही. ही अडचण हैबतरावांच्या ध्यानात आली तोवर इंजिनियर विमानात बसला होता.

त्यांनी तोड काढली. पाचव्या वर्षापासून दर वैशाखात ते हमरापूरला दाजींकडे जात, इंजेक्शनच्या सुईने बुचातून चार थेंब काढत आणि पांढऱ्या बशीत टाकत. दाजी त्यांचे गडब गावातले बालमित्र. गणपती रंगवण्यात दाजींची चाळीस वर्षे गेली होती. मूर्तीचे डोळे रेखायचे, म्हणजे आखणीचे काम घरात फक्त त्यांच्याकडे असे. लाल रंगाच्या बाबतीत त्यांचा शब्द अख्खी आळी मानायची. दाजी बशी उन्हात धरत, "अजून नाय" म्हणत, आणि हैबतराव मेणाने भोक बुजवून परत जात. सुईबरोबर दर वर्षी थोडी हवाही आत जाते, हे दोघांपैकी कुणालाच सुचले नाही.

दाजींच्या घरच्या गणपतींच्या कारखान्यात मूर्ती असेपर्यंत अंगणात दारूचा थेंब येता कामा नये, असा नियम होता आणि तो दाजींनीच घातला होता. चार थेंब ही दारू नव्हे, नमुना आहे, असे त्यांचे मत होते.

यंदा दाजी मागल्या अंगणात नुसतेच बसलेले दिसले. समोर पांढऱ्या रंगाचा पहिला हात दिलेली एक मूर्ती उन्हात वाळत होती.

"आखणी सोडून इथं काय करतोस?"

"सुनेनं ब्रश काढून घेतला," दाजी म्हणाले. "एका गणपतीचा डोळा जरा खाली आला. जरासा! तर शांती म्हणते, बाबांची नजर गेली. बरा आलास. तुझं ती ऐकंल. तिला सांग, माझी नजर शाबूत हाय. तेवढा ब्रश मिळवून दे मला."

"सांगतो की. आधी हे बघ."

दाजींनी बशी नाकाशी आणली, लांब नेली, परत जवळ आणली. मग म्हणाले, "झाली."

"काय झाली?"

"तयार. विटकरी आली कडंला."

हैबतरावांनी वाकून पाहिले. त्यांना थेंब जांभळासारखे दिसले, गेल्या वर्षी दिसले होते तसेच.

"नक्की?"

"तू पण शांतीच्या बाजूचा काय रं?"

हैबतरावांनी बाटली गुडघ्यांत धरली; आपला नियम आज दाजींनीच बाजूला ठेवला. बूच काढायचे हत्यार दोघांकडेही नव्हते. हैबतरावांनी पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर काढून बुचावर जोर दिला. बूच खचकन आत गेले, बाटलीच्या तोंडातून चिळकांडी उडाली आणि समोरच्या गणपतीच्या पांढऱ्या पोटावरून लाल ओघळ खाली उतरला.

"आरं माझ्या कर्मा!" दाजी म्हणाले.

आवाजाने शांती बाहेर आली. तोवर बाटली दाजींच्या पाठीमागे गेली होती. तिने मूर्ती पाहिली, मग सासऱ्याची लाल झालेली बोटे पाहिली.

"बाबा, ब्रश कुठनं घेतलात?"

हैबतरावांनी तोंड उघडले. "शांते, चूक माझी..."

"मीच," दाजी मध्येच म्हणाले. "सोवळं रंगवाय गेलो."

"पोटावर सोवळं?"

"दिसलं नाय, गो."

शांती रागावायच्या तयारीने आली होती. ती तशीच उभी राहिली. "आन् आंबट वास कसला येतोय?"

"हैबतला ताक बाधलंय."

हैबतरावांनी मान खाली घातली. शांतीने मूर्ती उचलली. "मी परत पांढरा देते. पन आता ब्रशला हात नको, बाबा. माझ्या गळ्याची शपथ."

"नाय लावत."

ती आत गेल्यावर हैबतराव म्हणाले, "येडा हायस काय? मी सांगणार व्हतो ना तिला, नजर शाबूत हाय म्हणून."

"खोटं कशाला बोलला असतास?" दाजींनी बाटली पुढे घेतली आणि चाचपत चहाचे दोन कप सरळ केले. "फागुनात पनवेलला दाखवून आलो, कुणाला न सांगता. डोळ्याचा पडदा गेलाय. परत येत नाय, म्हणाला डाक्टर. घरात सांगायला तोंड उघडत नव्हतं. उलट भांडत बसलो. आज सांगून झालं."

हैबतरावांनी बशी उचलून पुन्हा उन्हात धरून पाहिली. मग त्यांनी विचारले, "मग विटकरी कशावरून म्हणालास?"

"पुढल्या वर्षी बशी दिसंल का नाय, ठाव नाय. म्हणून म्हणालो, झाली."

दोघांनी कप तोंडाला लावले. दोघांनीही जन्मात कधी वाइन चाखली नव्हती. दाजींचे तोंड वाकडे झाले, पण घोट त्यांनी गिळला.

"अशीच असती काय रं?"

"अशीच," हैबतराव म्हणाले. त्यांच्या दाढा आंबल्या होत्या.

"अजून एक वरीस ठेवली असती तर?"

"बिघडली असती," हैबतराव म्हणाले आणि त्यांनी दाजींचा कप पुन्हा भरला.