दगडूतात्यांनी ठरवलेला सामना

पासलीचे दगडूतात्या लग्नात जेवायला बसले की शेजारच्या पाहुण्याला गाव विचारतात आणि लगेच म्हणतात, "तुमचा कबड्डीचा संघ तगडा हाय, का मार खानारा?" मार खाणारा निघाला, की तात्या पाहुण्याकडे पाठ करून मुकाट भात कालवतात.

आमच्या डोंगरातल्या चार गावांचे सामने तात्याच ठरवतात. भोरच्या मोठ्या स्पर्धेला वर्षभराच्या गुणांची यादी पाहून वरचे संघ बोलावतात. तगड्याला हरवलं की जास्त गुण, परक्या मैदानावर हरवलं की आणखी जास्त. पूर्वी आम्ही चार गावं आपापसांतच खेळायचो. यादीत एक वर गेला की दुसरा खाली. तात्यांनी ते बंद केलं आणि घाटाखालच्या तगड्या गावांशी सामने लावले. शेजारचं गाव घाट उतरून जिंकून आलं, तर पेढे तात्या वाटणार. आम्ही दुबळ्या संघाला लोळवलं, तर दोन दिवस अबोला.

मला राग यायचा. दर वेळी आम्हीच टेम्पोत कोंबून का उतरायचं? खालच्यांनी एकदा तरी घाट चढावा, आमच्या मातीत उभं राहावं. हे मी तात्यांना दर आठवड्याला सुनवायचो. ते म्हणायचे, "मान यादीत असतोय, लेका."

यंदा आमचा संघ यादीतल्या शेवटच्या जागेच्या तोंडाशी आला. उरला एकच सामना, घाटाखालच्या सारोळ्याशी. तिथं जाऊन जिंकलो तर जागा पक्की. घरी जिंकलो तर दुसऱ्यांच्या निकालावर भिस्त. आणि तात्यांनी सामना पासलीत ठेवला.

आता मीच भडकलो. यादीचं काय, म्हणून विचारलं. तात्यांनी टोपी झटकली. मग म्हणाले, "तुझ्या काकूला गुडघ्यांपायी गाव सोडवत न्हाई. लगीन झाल्यापासनं घरी येऊन सामना सांगतोय. आता म्हनती, तुमी लई खोटं सांगता."

आम्ही चौघांनी काकूंना खुर्चीसकट उचलून मैदानाच्या कडेला आणलं. दोन गुणांनी जिंकलो. थोड्या वेळानं मोबाईल वाजला. आमच्या पुढचा संघ हरला होता. आम्ही आत!

मी सांगायला धावलो. तात्या खुर्चीशी उकिडवे बसून आत्ताच झालेला सामना काकूंना पहिल्यापासून सांगत होते.

"खोटं," काकू म्हणाल्या. "त्याला तिघांनी धरला व्हता, पाच न्हाई."

"बरं, तिघांनी," तात्या म्हणाले, आणि मला हातानं थांबवून पुढं सांगू लागले.